अर्ध्यावर अडणारी मोटर

३ फेब्रुवारी, सोमवार

दोरी बावीस वेळा ओढली. बाविसाव्या ओढीला मोटर खोकली, निळा धूर सोडला आणि मेली. तळहाताला दोन फोड! ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले बाबा एवढंच म्हणाले, "प्लग नाही. कार्बोरेटर."

दोन वर्षं मोटर ताडपत्रीखाली पडून आहे. आज अंगणात पाण्याच्या ड्रमला अडकवली, कारण दुपारी धक्क्याच्या ऑफिसातून कागद आला. नवा नियम. उतारू नेणाऱ्या प्रत्येक होडीने चार माणसं घेऊन धक्क्यापासून तळ्यात तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत जाऊन वीस मिनिटांत परत यायचं. आमची परीक्षा चोवीस तारखेला, सकाळी दहाला. नापास झालं तर धक्क्यावरची जागा दुसऱ्याला.

आमची जागा तीन नंबरची, पायऱ्यांना लागून. अडतीस वर्षं बाबांची. आता तिथून होडी मी चालवणार आहे, निदान तसं ठरलंय. परवाना हातात आहे. होडी आहे. मोटर नाही.

आमच्या होडीचा आजवरचा चांगल्यात चांगला वेळ किती, ते बाबांना विचारलं. "बत्तीस मिनिटं," ते म्हणाले आणि तळ्याकडे बघत बसले.

दादाला फोन केला. म्हणे, "भंगारात टाक. नवी घेऊ." दादाच्या 'घेऊ'मध्ये कोण घेणार हे कधीच नसतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. पेट्रोल कसलं, पॉलिश! हाताचा वास तीनदा साबण लावूनही जात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज पहिल्यांदा कार्बोरेटर स्वतः उघडला. पस्तीस वर्षांची झाले, ही वस्तू समोर उघडी पडलेली दर रविवारी बघत आले, पण हात लावायची परवानगी नव्हती. आता बाबांचे हात थरथरतात. चहा कपातून बशीत आणि बशीतून मांडीवर. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू, त्यांच्या चिमटीत राहत नाही. म्हणून हात माझे, डोकं त्यांचं.

ओट्यावर नेहमीचं पांढरं फडकं अंथरलं. प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेवायचा. मी एक स्क्रू चुकून मधेच ठेवला तर बाबांनी नुसतं बोट दाखवलं. हत्यारांची पेटी त्यांची. प्रत्येक पान्यावर, पेचकसावर, पकडीवर कानशीने घासलेल्या शेजारी शेजारी दोन खाचा. धक्क्यावर हत्यारांची अदलाबदल होते, म्हणून ही खूण. लहानपणी मला वाटायचं हत्यारं अशीच विकत मिळतात.

कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते. तिच्यात पेट्रोल साठतं. वाटीत एक फ्लोट तरंगतो, तो वर आला की एक सुई भोकात बसते आणि पेट्रोल बंद. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली, सुई खाली, पेट्रोल चालू. किती साधं! अकरा वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मी मुलांसमोर साहित्य मांडलं, पण इतकं शहाणं यंत्र तिथल्या कपाटात एकही नव्हतं. (शाळेने विज्ञान शाखा बंद केली. कपाटं गेली, मीही गेले.)

आमची सुई भोकात चिकटून बसली होती. जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला. हात थरथरायला लागल्यापासून बाबा रविवारी नुसता जेट काढत, सुईपर्यंत जात नसत. रॉकेलमध्ये भिजत घातली. एवढ्याशा सुईने सगळं अडवून धरलं होतं?

६ फेब्रुवारी, गुरुवार

हो. बऱ्याच अंशी! तिसऱ्या ओढीला चालू. चाळीस सेकंद चालली. बंद.

८ फेब्रुवारी, शनिवार

चालू होते, चाळीस-पन्नास सेकंदांनी मान टाकते. का? बाबा म्हणतात, "तू सांग." हे मला लहानपणापासून ठाऊक असलेलं उत्तर. मी सारखी "का?" विचारायचे म्हणून ते मला प्रश्नपत्रिका म्हणत. उत्तरपत्रिका मात्र त्यांनी कधी दिली नाही.

तर मी विचार केला. टाकीपासून येणाऱ्या नळीत मध्ये एक रबरी फुगा असतो, तो दाबला की पेट्रोल पुढे जातं. मोटर मरायला लागली की मी तो दाबत राहिले – आणि ती जगली! सोडला, की मेली. म्हणजे पेट्रोल पोचतं, पण आपणहून पोचत नाही. म्हणजे ओढून घेणारं जे कोणी आहे त्याच्यात दम नाही. म्हणजे पंपातला पडदा!

बाबांना सांगितलं. "बरोबर," म्हणाले. बाबांच्या 'बरोबर'साठी मी काय काय केलंय आयुष्यात.

पंप उघडला. पडदा नखाएवढा फाटलेला.

९ फेब्रुवारी, रविवार

रविवारचं लिहून ठेवलं पाहिजे. आमच्या घरी हा प्रकार इतका रोजचा आहे की विचित्र आहे हे मला आज प्रथमच जाणवलं.

दर रविवारी सकाळी बाबा फडकं अंथरतात, कार्बोरेटर उघडतात, पुसतात, फुंकतात, डोळ्याला लावून उजेडाकडे धरतात. कारण मोटरीत एक खोट आहे. पंचवीस घोड्यांची मोटर, आणि अर्ध्या वेगाच्या पुढे जात नाही. कधीच गेली नाही. दहाच्या सुमाराला आई चहा घेऊन येते आणि विचारते, "सापडलं का?" बाबा म्हणतात, "नाही. पुढच्या रविवारी." आई आत जाते. झालं!

मोटर ताडपत्रीखाली होती ती दोन वर्षंही हे चुकलं नाही. हात थरथरायचे, जेट ओट्यावरून घरंगळायचा, मी वाकून शोधायचे. आणि आई यायचीच. "सापडलं का?" "नाही. पुढच्या रविवारी."

आज मी आईला विचारलं, हे कधीपासून. ती अॅल्युमिनियमच्या डब्यातून मीठ काढत होती. त्या डब्याला झाकण नाही, वर बशी असते. "तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून," म्हणाली, आणि बशी ठेवली.

एकतीस वर्षं! एवढ्यात माणूस अख्खी बोट बांधेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवा पडदा बसवला. मोटर पहिल्या ओढीला चालू, आणि चालूच! दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी अंगणात एकटीच टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई कुंपणावरून बघून गेली.

लगेच होडीला लावली. बोयापर्यंत जाऊन परत. घड्याळ – तेहतीस मिनिटं. आणि होडीत मी एकटी!

तेरा दिवस उरलेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

धक्क्यावर गेले की ऐकावं लागतं. "गोगलगायीची मुलगी आली!" बाबांचं धक्क्यावरचं नाव गोगलगाय. वाईट मनाने नाही म्हणत कोणी, पण म्हणतात. ज्यांना घाई नाही ते आमच्या होडीत बसत – म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, आणि टपाल घेऊन जाणारा पोस्टमन, त्यालाही घाई नसे. बाबा हसून घेत. मी लहानपणी एका मुलाला यावरून चावले होते.

आज पाच नंबरवाला म्हणाला, तुमची जागा रिकामी झाली की मला सांगा, पायऱ्यांजवळ बरी पडेल. मी म्हटलं, "रिकामी झाली तर पेपरात छापून येईल." मग घरी येईपर्यंत रडू आवरत आले. जागा गेली तर बाबा कुठे बसतील? अजूनही रोज सकाळी ते तीन नंबरच्या खुंटाशी जाऊन बसतात, दोर तपासतात, कोणाची गाठ चुकली तर बोट दाखवतात. ते गेलं तर घरात भिंतीकडे तोंड करून बसतील. मला ते दिसतं. आणि मी? माझ्या हातात आता दुसरं काय आहे?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुख्य जेट काढला. केसाएवढं भोक, पण आरपार उजेड दिसतो. स्वच्छ. वाटी स्वच्छ. फ्लोटची उंची बाबांनी सांगितली तेवढीच. चोक पूर्ण उघडतो. प्लग कोरडे, तपकिरी, ठणठणीत. नळ्या नव्या. पंखा वाकडा नाही.

मग मी म्हटलं, हँडलपासून कार्बोरेटरपर्यंत ज्या दांड्या जातात त्या बघू. बाबा एकदम म्हणाले, "तिकडे काही नाही. जेट बघ."

जेट चारदा बघितला की!

"मग पाचव्यांदा बघ. दांड्यांना हात लावू नकोस."

इतके तुटक बोलत नाहीत कधी. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, एकतीस वर्षं जेट बघून काय मिळालं? बोलायला नको होतं. बोलले. ते उठून धक्क्यावर गेले, आणि मी पाचव्यांदा जेट बघितला. भोक तेवढंच होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एक गंमत दिसली. मोटरीच्या हँडलवर दोन चित्रं आहेत. या टोकाला कासव, त्या टोकाला ससा. हँडल फिरवलं की बाण कासवाकडून सशाकडे जातो. कासव अंगठ्याने पार पुसून गेलंय, नुसता हिरवा डाग उरलाय. ससा कोरा करकरीत! मिशासुद्धा मोजता येतात.

हँडल पूर्ण फिरवलं. बाण मध्यावर थांबला. मला वाटायचं हेच पूर्ण.

का थांबतो?

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना सशाचं सांगितलं. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "किती दिवस राहिले?" नऊ, म्हटलं. "हं," म्हणाले. मला वाटलं, रागावलेत अजून.

१६ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!!

सावकाश लिहिते. सकाळी फडकं अंथरायला गेले तर बाबा म्हणाले, "आज पाना उचलायचा नाही."

मग काय करायचं?

"वरचं झाकण काढ. हँडल फिरव. आणि नुसतं बघ." मग म्हणाले की पाय अवघडलेत, जरा फिरून येतो. रविवारी सकाळी कार्बोरेटर सोडून बाबा उठले, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

तर नुसतं बघत बसले. हँडल फिरवलं की एक दांडी सरकते, ती कार्बोरेटरच्या घशातली झडप उघडते. झडप उघडते तेवढी हवा, हवा तेवढं पेट्रोल, पेट्रोल तेवढा वेग. फिरवत गेले. झडप अर्धी उघडली आणि दांडी एका लोखंडी टेकूला टेकून थांबली. परत फिरवलं. परत तिथेच. टेकू इतका जाड का? बाकी सगळ्या खुंट्या काडीएवढ्या आणि हा एकटा अंगठ्याएवढा! टॉर्च आणली. नखाने वरचं काळं खरवडलं. टेकू काडीएवढाच आहे. त्याच्यावर कोणीतरी एक कडं चढवलंय. तेल आणि काजळी बसून बसून त्याच्याशी एकजीव झालेलं.

म्हणजे मोटरीत खोट नाही. कधीच नव्हती. कोणीतरी तिला अर्ध्यावर अडवून ठेवलंय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! एकतीस वर्षं सगळे घशाच्या आत फुंकत बसले, आणि हे बाहेर, हाताशी.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. इकडे तिकडे बघितलं, बाबा नाहीत. सवयीने मलाच विचारलं, "सापडलं का?"

माझ्या तोंडून काय निघावं? "नाही. पुढच्या रविवारी."

का म्हटलं मी असं? कोणी बसवलं ते कळल्याशिवाय सांगवेना म्हणून, बहुतेक. झाकण परत लावून टाकलं. बाबा आले तेव्हा मी हात धूत होते. त्यांनी काही विचारलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

धक्क्यामागच्या गल्लीत मिस्त्रीकाकांचं दुकान. आता मुलगा चालवतो, काका दारात स्टुलावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक इंजिनाचा आवाज ऐकून त्याला काय झालंय ते सांगतात. दात एकही नाही. त्या काळात धक्क्यावरच्या सगळ्या मोटरी त्यांच्याच हाताखालून जायच्या, म्हणून सरळ विचारलं – टेकूवर कडं कोणी घातलं?

काका आधी खोकले. मग पाणी मागितलं. मग म्हणाले, "शेवटी तूच काढलंस होय शोधून. आईला विचार, पोरी."

मी हलले नाही. मग काका बोलले. बाबा तेव्हा धक्क्यावरचे सगळ्यात वेगवान होते. बाबा! पैजा लावायचे. बोयाला वळसा घालताना होडी एका अंगावर उभी करायचे, बघायला माणसं जमायची. एकदा अशीच शर्यत लागली आणि बोयाच्या साखळीला लागून होडी उलटली. होडीत चार वर्षांची मुलगी होती.

मी हनुवटीला हात लावला. तिथे व्रण आहे. पायरीवरून पडलीस, असं मला आजवर सांगितलंय.

आठवड्याने आई दुकानात आली, काका म्हणाले. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, मोटर अर्धीच पळेल असं करा आणि ह्यांना कळू देऊ नका. पत्राही तिनेच आणला. "मऊ पत्रा. पकडीने तीन वेढे दिले घाईघाईत. म्हटलं, झिजेल चार महिन्यांत, तोवर तुझ्या बापाचं डोकं थंड होईल. आणि एकतीस वर्षं टिकला! काय हात होता माझा!"

स्वतःच्या हाताकडे बघत बसले. मला हसू येईना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर आईशी बोलले नाही. बोलले असते तर वाईट बोलले असते. एका माणसाला एकतीस वर्षं गोगलगाय म्हणवून घ्यायला लावायचं! दर रविवारी चहा घेऊन समोर उभं राहायचं आणि विचारायचं, सापडलं का! मला इतका राग कधी कुणाचा आला नव्हता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाबा धक्क्यावर गेल्यावर विचारलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबला नाही. "मिस्त्रींनी सांगितलं?" हो, म्हटलं.

मग सांगितलं तिने. माझ्याकडे न बघता. दादा सहा वर्षांचा, तिचं बोट धरून. ती धक्क्याच्या पायऱ्यांवर उभी. होडी उलटली ते दिसलं. पाणी सपाट झालं. "मी मोजत होते. का मोजत होते कोण जाणे. एकोणीसपर्यंत मोजलं. मग त्यांचं डोकं वर आलं, आणि हातात तू."

घरी आल्यावर बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी परत मोटर पुसायला बसले. "पोटाचा प्रश्न होता, होडी सोडा म्हणता येईना. वेग सोडा म्हटलं असतं तर हो म्हणाले असते आणि आठ दिवसांनी विसरले असते. स्वभाव!"

मिठाचा डबा दाखवला मला. त्याचंच झाकण कातरून पत्रा नेला होता. बाबांनी दोनदा विचारलं म्हणे, झाकण कुठे गेलं. हरवलं, म्हणाली.

माझा राग कुठे गेला कळलं नाही. एकोणीस आकडे मी मनात मोजून बघितले. फार वेळ लागतो.

"आधी सहा महिन्यांसाठी करवलं," आई म्हणाली. "मग सांगायला उशीर झाला. मग फारच उशीर झाला. दर रविवारी वाटायचं, आज सापडेल, आणि सुटेन. म्हणून तर विचारायचे गं."

२० फेब्रुवारी, गुरुवार

कडं नाही काढलं, तर जागा जाते. काढलं, तर बाबांना कळणार – एका दिवसात मोटर दुप्पट कशी पळायला लागली? आणि एकदा का कळलं की एकतीस वर्षं कोणी हसं केलं, ते विचारणारच. या वयात. हात असे झालेले असताना.

आईचं म्हणणं, काढ, पण जेटच्या वाटेत कचरा होता असं सांग. खोटं तिचं, बोलायचं मी!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काढलं. बाबा धक्क्यावर असताना. सहज निघेल वाटलं होतं, पण पकडीने बराच वेळ झगडावं लागलं. बसवणाऱ्याने अगदी मापात, चपखल बसवलंय. काका उगाच घाईघाईत म्हणतात. काळंकुट्ट कडं तसंच कागदात गुंडाळून खिशात टाकलं.

हँडल फिरवलं. बाण सशाच्या नाकावर जाऊन थांबला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पहाटेच एकटी गेले. बोयापाशी भीती वाटली, खोटं कशाला लिहू. वळताना हँडल सोडलं, मग परत धरलं. सोळा मिनिटं!

बाबांना सांगितलं – मुख्य जेटच्या आतल्या वाटेत कचरा होता. सुई घालून काढला. आई दाराआड होती, तिच्या बांगड्यांचा आवाज थांबलेला मला ऐकू आला.

"कुठे होता म्हणालीस?"

आत. खोल.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, परत घातला. "असतो," म्हणाले. "असतो असा कचरा."

कार्बोरेटर उघडून दाखव म्हणाले नाहीत. मी तर रात्रभर उत्तरं पाठ केली होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

फडकं अंथरलं नाही. उद्या परीक्षा, कशाला उघडायचं. आईने चहा आणला आणि काही न विचारता ठेवून गेली. ओटा मोकळा मोकळा वाटला. बाबांनाही वाटला असावा, ते उगाच पेटी उघडून पाने नीट लावत बसले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पास!

चार माणसं हवी होती. बाबा, मिस्त्रीकाका, ऑफिसातले साहेब घड्याळ घेऊन – आणि चौथा पाच नंबरवाल्याचा भाऊ येणार होता, तो ऐन वेळी आलाच नाही. मुद्दाम, दुसरं काय! मी पायरीवर उभी राहून शिव्या घालत होते, तर आई खाली उतरत आली. चपला हातात. एकतीस वर्षांत होडीत पाय ठेवला नव्हता तिने. बाबांनी हात पुढे केला. तो थरथरणारा हात तिने मनगटापाशी घट्ट धरला आणि आत बसली. मग कुणी कुणाला धरलंय ते कळेना.

सुरुवातीला मी हळूच गेले. साहेबांनी घड्याळ बघून तोंड वाकडं केलं. मग हँडल फिरवलं. कासव गेलं, मध्य गेला, आणि होडीने नाक वर केलं! पाणी दोन्ही बाजूंनी फाटत गेलं. मिस्त्रीकाका बिनदाताचं हसत होते. बाबांनी डोळे मिटले होते आणि चेहरा वाऱ्यात धरला होता, असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आईचे ओठ हलत होते. मोजत होती.

बोयापाशी वेग कमी केला. आईने श्वास सोडला. वळसा घालून परत सोडली.

साडेसतरा मिनिटं. साहेब म्हणाले, "गोगलगायीला पाय फुटले की हो!" बाबा म्हणाले, "पाय होतेच, साहेब. पोटात होते." सगळे हसले. मीही हसले.

जागा नंबर तीन, आपलीच! पाच नंबरवाल्याला मी वाकून नमस्कार केला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज तीन फेऱ्या. एक आजी म्हणाल्या, मी तुमच्या होडीत बसते ते हळू जाते म्हणून. हळू नेलं.

२ मार्च, रविवार

बाबांनी फडकं अंथरायला सांगितलं. आता काय शोधायचं, म्हटलं. "सवय," म्हणाले. मी हत्यारं रॉकेलने पुसायला घेतली. खिशातल्या कागदातलं कडं आठवलं. त्यांची पाठ होती, तेही बोळ्याने पुसलं.

काळं निघालं. खालून पिवळं आलं. पितळ! डब्याचं झाकण तर अॅल्युमिनियमचं. मऊ पत्रा, चार महिन्यांत झिजणारा.

हे वेढे दिलेलं नाही. भरीव पितळ कोरून, घासून, मापात केलेलं. आणि कडेला कानशीने घासलेल्या शेजारी शेजारी दोन खाचा.

मान वर केली तर बाबा माझ्या हाताकडे बघत होते. किती वेळ, कोण जाणे. तोंडापर्यंत शंभर प्रश्न आले, आणि मी एकही विचारला नाही.

कडं पेटीत ठेवलं, त्यांच्या हत्यारांत. आई चहा घेऊन आली. जराशी थांबली, मग विचारलंच, "सापडलं का?"

"नाही," बाबा म्हणाले. "पुढच्या रविवारी."